एक कळफलक, दोन संगणक

एका शाळेच्या कार्यालयात टेबलाखाली दोन संगणक ठेवलेले आहेत, अशी कल्पना करा. त्यांतला एक जुना आहे. पूर्वीच्या दाखल्यांच्या आणि गुणपत्रकांच्या नोंदी त्यात आहेत, आणि त्या उघडणारा प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही. दुसरा नवा, रोजचा पत्रव्यवहार त्यावर होतो. टेबलावर जागा मात्र एकाच पडद्यापुरती आणि एकाच कळफलकापुरती. एखादा माजी विद्यार्थी दाखल्याची प्रत मागायला आला, की भाऊसाहेब खुर्ची मागे सारतात, टेबलाखाली वाकतात, एका पेटीतून तीन तारा उपटतात आणि दुसऱ्या पेटीत खोचतात. दाखला झाला की पुन्हा वाकायचे. वर्षभरात तारांच्या टोकांच्या पिना वाकतात आणि भाऊसाहेबांची कंबर धरते.

हे टाळण्यासाठी बाजारात एक छोटी पेटी मिळते. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला 'केव्हीएम स्विच' म्हणतात. पेटीच्या एका बाजूला कळफलक, माउस आणि पडदा जोडायचा. दुसऱ्या बाजूला दोन्ही संगणक. बटण दाबले की टेबलावरचे सगळे सामान पहिल्या संगणकाचे होते, पुन्हा दाबले की दुसऱ्याचे. मोठ्या संगणक-कक्षांत लोखंडी मांडण्यांवर एकावर एक रचलेले कितीतरी संगणक असतात. तिथे १६ किंवा ३२ संगणकांसाठी मिळून एकच पडदा आणि एकच कळफलक ठेवता येतो.

यात एवढे समजावून सांगण्यासारखे काय, असे तुम्हांला वाटेल. एक विजेरीचा सेल, दोन दिवे आणि एक दुतर्फी स्विच घेऊन हा प्रयोग तर आपण शाळेतच करतो. स्विच इकडे केला की हा दिवा लागतो, तिकडे केला की तो. कळफलकाच्या तारांनाही तसाच स्विच बसवला की झाले!

साध्या स्विचची गंमत

हा विचार पूर्वी प्रत्यक्षात आणून झालेला आहे. पुढे एक मोठी फिरकी आणि आत धातूच्या पट्ट्यांच्या रांगा, अशा पेट्या एकेकाळी संगणकांच्या दुकानांत सर्रास मिळत. एकच छपाईयंत्र दोन संगणकांना वापरता यावे म्हणूनही त्या वापरत. फिरकी फिरवली की सगळ्या तारा एकदम या संगणकावरून सुटून त्या संगणकाला जोडल्या जात. विजेच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. पण कळफलक व माउस यांसाठी ती वापरणारे लोक लवकरच वैतागत. कधी माउस मेल्यासारखा पडून राही, कधी बाण पडद्यावर सैरावैरा पळे.

याचे कारण असे, की दिवा आणि सेल एकमेकांशी बोलत नाहीत. कळफलक आणि संगणक मात्र बोलतात. त्यांच्यामधल्या तारेतून नुसता प्रवाह वाहत नसतो, तर तेथे प्रश्नोत्तरे चाललेली असतात. आणि संभाषण म्हटले की आधी काय बोलणे झाले ते दोघांच्याही लक्षात असावे लागते. अर्ध्या वाक्यात समोरचा माणूस बदलला तर काय होईल? तेच या फिरकीने होत असे.

हे संभाषण नीट समजण्यासाठी आपण जुन्या पद्धतीची जोडणी घेऊ, कारण तिच्यातले बोलणे सोपे आहे. १९८७ साली आयबीएम कंपनीने 'पीएस/२' नावाचे संगणक आणले, त्यांच्यावरून या जोडणीला तेच नाव पडले. संगणकाच्या मागे दोन लहान गोल खाचा असतात: जांभळी कळफलकाची आणि हिरवी माउसची. आजही काही टेबलावरच्या संगणकांना त्या दिसतात. या जोडणीत कामाच्या तारा फक्त चार. एक ५ व्होल्टची, एक जमिनीची, एक माहितीची, आणि एक ताल देणारी. ताल देणाऱ्या तारेवर सेकंदाला दहा हजार ते सुमारे सोळा हजार सातशे ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला माहितीच्या तारेवर ० किंवा १ यांपैकी एक अंक, म्हणजे एक बिट, पुढे सरकतो.

संगणक सुरू केला की कळफलकाला वीज मिळते. कळफलकाच्या आत एक चिप असते. ती आधी स्वतःची तपासणी करते आणि सारे ठीक असेल तर संगणकाला १७० हा अंक पाठवते. 'मी आहे आणि धडधाकट आहे' असा त्याचा अर्थ. ही हजेरी मिळाली नाही तर अनेक जुने संगणक तिथेच अडून बसत आणि पडद्यावर अशा अर्थाचे वाक्य दाखवत: कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा. नसलेल्या कळफलकावरची कळ दाबायची कशी, यावर संगणकवाल्यांनी पुष्कळ विनोद केले आहेत. पण आपल्या दृष्टीने त्यातला मुद्दा गंभीर आहे. फिरकी दुसऱ्या संगणकाकडे असताना पहिला सुरू केला, तर तो सुरूच होणार नाही.

एका अक्षराचे दोन निरोप

आता 'ए' अक्षराची कळ दाबा. कळफलक संगणकाला 'ए' असे अक्षर पाठवत नाही. तो त्या कळेचा ठराविक क्रमांक पाठवतो. पीएस/२ कळफलकांच्या नेहमीच्या पद्धतीत 'ए'च्या कळेचा क्रमांक २८ आहे. द्विमान पद्धतीत २८ म्हणजे ०००१११००. तारेवर हे बिट उलट्या क्रमाने, एकंच्या स्थानापासून जातात: ००१११०००. त्यांच्या आधी सुरुवातीची खूण म्हणून एक ०, शेवटी समाप्तीची खूण म्हणून एक १, आणि समाप्तीच्या आधी तपासणीचा एक बिट. आठ बिटांतील आणि या तपासणी-बिटातील मिळून १ची संख्या नेहमी विषम यावी असा नियम आहे. २८मध्ये तीन वेळा १ येतो, म्हणजे संख्या आधीच विषम आहे. म्हणून तपासणीचा बिट ०. असे एकूण अकरा बिट झाले. दुसरे एखादे अक्षर घेऊन तुम्ही हे वहीत मांडून पाहू शकता. उदाहरणार्थ 'बी'चा क्रमांक ५० आहे.

कळ सोडल्यावर दुसरा निरोप जातो: २४०, २८. पहिल्या अंकाचा अर्थ 'सोडली', दुसऱ्याचा 'कोणती'. हा दुसरा निरोप कशाला हवा, असे वाटेल. पण शिफ्ट किंवा कंट्रोल यांसारख्या कळा दाबून धरायच्या असतात. त्या किती वेळ दाबलेल्या आहेत हे संगणकाला कळायचे, तर 'दाबली' आणि 'सोडली' असे दोन निरोप हवेतच.

इथे स्विचची पहिली खोच लक्षात येते. समजा, तुम्ही कंट्रोलची कळ दाबून धरलेली आहे आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने फिरकी फिरवली. 'दाबली' हा निरोप पहिल्या संगणकाला मिळाला. कळ सोडलीत तो निरोप गेला दुसऱ्याला. आता पहिल्या संगणकाच्या मते ती कळ अजून दाबलेलीच आहे! नंतर त्याच्याकडे परत येऊन तुम्ही साधा 'एस' दाबलात, तरी तो 'कंट्रोल आणि एस' समजतो. कळ अडकलेली नसते, अडकलेली असते संगणकाची समजूत.

दिवा कोण लावतो?

कळफलकावर कॅप्स लॉकचा एक छोटा दिवा असतो. ती कळ दाबली की दिवा लागतो, पुन्हा दाबली की विझतो. साहजिकच आपल्याला वाटते, की कळेखालीच दिव्याचे बटण असणार. तसे नसते. कळ दाबल्याची बातमी संगणकाकडे जाते. संगणक आपल्या नोंदीत 'आता मोठी अक्षरे' असे लिहून ठेवतो आणि उलट कळफलकाला हुकूम पाठवतो. हुकुमाचा अंक २३७. कळफलक २५० हा अंक पाठवून 'पोचला' असे कळवतो. मग संगणक कोणते दिवे लावायचे ते सांगतो: स्क्रोल लॉकसाठी १, नम लॉकसाठी २, कॅप्स लॉकसाठी ४. दोन दिवे लावायचे तर त्यांची बेरीज.

शाळेच्या प्रयोगशाळेत यूएसबी जोडणीचे दोन कळफलक असतील तर हे सहज पडताळता येते. विंडोज प्रणालीच्या एकाच संगणकाला दोन्ही जोडा आणि एकाची कॅप्स लॉक कळ दाबा. सर्वसाधारणपणे दोन्ही कळफलकांवरचा दिवा लागतो. दुसऱ्याला तर कोणी हातही लावलेला नसतो. दिवा लावणारा संगणकच, हे त्यावरून स्पष्ट होते.

तेव्हा दिव्यांची खरी नोंद संगणकाकडे असते. दोन संगणक असले तर नोंदी दोन, आणि दिवे मात्र एकाच संचातले. एकाकडे मोठी अक्षरे चालू, दुसऱ्याकडे बंद, असे सहज असू शकते. फिरकी फिरवल्यावर दिवा आधीच्या संगणकाची स्थिती दाखवत राहतो. मग पासवर्ड टंकला की संगणक 'चूक' म्हणतो, आणि आपण कळफलकाला दोष देतो.

माउसची सांकेतिक टकटक

माउसची कथा याहून मजेदार आहे. पीएस/२ जोडणीचा साधा माउस आपली प्रत्येक हालचाल तीन अंकांत कळवतो: पहिल्यात कोणती बटणे दाबलेली आहेत आणि दिशा, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. वीज मिळताच मात्र तो लगेच बोलू लागत नाही. हजेरी देऊन गप्प बसतो. संगणकाने २४४ हा हुकूम पाठवला, म्हणजे 'आता सांगायला लाग' असे म्हटले, की मगच त्याचे निवेदन सुरू होते. फिरकीच्या पेटीत तारा सुटताना माउसची वीज क्षणभर जाते. तो नव्याने जागा होतो, हजेरी देतो आणि हुकुमाची वाट पाहत बसतो. संगणकाने तर तो हुकूम सकाळीच दिलेला असतो. हजेरी पुन्हा आली म्हणून हुकूमही पुन्हा द्यावा, हे सगळ्याच संगणकांना सुचत नसे. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. मेलेल्या माउसचे रहस्य ते हेच.

पुढे १९९६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने चाक असलेला 'इंटेलिमाउस' आणला. चाकाची बातमी द्यायला चौथा अंक हवा. पण जुन्या संगणकांना तीनच अंकांची सवय. चार पाठवले तर ते गोंधळणार. आणि नव्या संगणकाला तरी कसे कळावे, की समोर चाकाचा माउस आहे? यावर जी युक्ती काढली ती एखाद्या किल्ल्याच्या दिंडी-दरवाजावर शोभावी अशी आहे. संगणक माउसला लागोपाठ तीन हुकूम देतो: सेकंदाला २०० वेळा निवेदन कर, नाही, १०० वेळा कर, नाही, ८० वेळा कर. असे चंचल हुकूम कोणताही साधा संगणक देणार नाही. जुना माउस ते निमूटपणे पाळतो. चाकाचा माउस मात्र ही टकटक ओळखतो. त्यानंतर 'तू कोण?' असे विचारल्यावर जुना माउस ० म्हणतो, चाकाचा माउस ३ म्हणतो, आणि तेथून पुढे चार-चार अंक पाठवू लागतो.

या युक्तीवर फिरकीने पाणी पडते. वीज जाऊन आल्यावर माउस टकटक विसरलेला असतो. एखाद्या संगणकाने त्याला नुसते 'सांगायला लाग' म्हटले, तर तो तीन-तीन अंक पाठवतो. संगणक चार-चारच्या गटांनी वाचत असतो. म्हणजे पुढच्या निवेदनाचा पहिला अंक त्याला चाकाची बातमी वाटते, आणि आडव्या हालचालीचा अंक बटणांची स्थिती वाटतो. बाण उड्या मारतो, न दाबलेली बटणे दाबली जातात, याद्या आपोआप उघडतात. यंत्राला भुताने झपाटले असे वाटावे, इतका हा प्रकार विलक्षण दिसे. प्रत्यक्षात तो तीन आणि चार यांतला हिशेबाचा घोटाळा होता.

खोटी हजेरी

आता चांगल्या स्विचला काय करावे लागते ते सहज समजेल. वर्गात गुरुजी हजेरी घेत असताना गैरहजर मित्राच्या नावाला 'हजर' म्हणणारा एखादा विद्यार्थी असतोच. (तसे करू नये!) चांगल्या केव्हीएम स्विचमधली चिप नेमके हेच काम करते. ती प्रत्येक संगणकाच्या तारेवर एक खोटा कळफलक आणि एक खोटा माउस उभा करते. संगणक सुरू झाला की १७० पाठवून हजेरी देते. टकटक झाली की ओळखून ३ म्हणते. दिव्यांचा हुकूम आला की २५० म्हणून पोच देते आणि दिव्यांची स्थिती आपल्या स्मृतीत लिहून ठेवते. खरा कळफलक त्या वेळी दुसऱ्याच संगणकाकडे काम करत असतो, याचा पहिल्याला पत्ताही लागत नाही.

तुम्ही बटण दाबले की चिप तीन गोष्टी करते. ज्या संगणकाला सोडायचे, त्याला सर्व दाबलेल्या कळांचे 'सोडली' असे निरोप देऊन टाकते. ज्याच्याकडे जायचे, त्याच्या दिव्यांची स्थिती स्मृतीतून काढून ती खऱ्या कळफलकाला कळवते. त्यामुळे स्विच फिरवताच कधीकधी कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लागतो किंवा विझतो. हा बिघाड नव्हे, तीच चांगल्या स्विचची ओळख. तिसरे म्हणजे माउसची वीज ती कधी तोडतच नाही. विकत घेताना दुकानातच ही दिव्याची परीक्षा करून पाहावी. खोक्यावर काय छापले आहे त्यापेक्षा ती अधिक भरवशाची आहे.

बऱ्याच स्विचांत बटणाकडे हातही न्यावा लागत नाही. स्क्रोल लॉकची कळ दोनदा पटकन दाबली की संगणक बदलतो. ही कळ का निवडली? कारण ती दुसऱ्या कामाला जवळजवळ कोणी वापरतच नाही! पण यावरून आणखी एक गोष्ट कळते. स्क्रोल लॉक ओळखायची तर चिपला तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचावी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आजचे कळफलक बहुधा यूएसबी जोडणीचे असतात. ही जोडणी १९९६ साली आली आणि चालू यंत्राला वस्तू जोडणे-काढणे हे तिच्यात गृहीतच धरलेले आहे. वस्तू जोडली की तिच्यातल्या एका रोधकामुळे तारेवरचा विद्युत्दाब वाढतो. त्यावरून संगणकाला पाहुणा आल्याचे कळते. तो त्याला १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो, नाव-गाव विचारतो आणि मग काम सुरू होते. त्यामुळे स्वस्त यूएसबी स्विच नुसत्या तारा बदलतो तरी चालते. दर वेळी संगणक 'वस्तू काढली, वस्तू जोडली' असे समजून पुन्हा ओळख करून घेतो, आणि त्यात थोडा वेळ जातो, इतकेच. घरी किंवा शाळेच्या कार्यालयात एवढे पुरेसे असते, असे माझे मत आहे. अनेक पडद्यांना मागे दोन-तीन तारा जोडायची सोय असतेच. तारा कायम जोडून ठेवाव्यात आणि कोणाचे चित्र दाखवायचे ते पडद्याच्या बटणाने ठरवावे. मग स्विच फक्त कळफलक आणि माउस यांचाच लागतो, आणि तो बराच स्वस्त पडतो.

पडद्याची ओळखचिठ्ठी

पडद्याची अडचण वेगळ्या जातीची आहे. हिशेब करून पाहा. कोणी फार वेगाने, सेकंदाला दहा कळा दाबल्या, आणि प्रत्येक कळेचे 'दाबली' आणि 'सोडली' मिळून ३३ बिट धरले, तर सेकंदाला ३३० बिट होतात. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार २,९८,५९,८४,००० येतो. म्हणजे जवळजवळ तीनशे कोटी बिट दर सेकंदाला! कळफलकाच्या सुमारे नव्वद लाख पट. एकीकडे पाऊलवाट, दुसरीकडे धरणाचा सांडवा, आणि दोन्ही एकाच पेटीतून न्यायचे आहेत.

इतक्या वेगाला तारेतला लहानसा दोषही भोवतो. जुन्या व्हीजीए पडद्यांवर हे डोळ्यांनी दिसत असे. त्या तारेची रचना ७५ ओहमच्या हिशेबाने केलेली असते. स्विचमध्ये हा हिशेब बिघडला, तर डोंगरकड्यावर आदळून हाक परत यावी तसा संदेशाचा काही अंश मागे फिरतो. पडद्यापाशी परावर्तित झालेला अंश उलटा स्विचकडे जातो, तिथे अडखळतो आणि पुन्हा पडद्याकडे येतो. मधली तार ३ मीटर असेल तर हा जादा प्रवास ६ मीटरचा. तारेत संदेश नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो, म्हणून उशीर ३० नॅनोसेकंदांचा. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या चित्रात एका ठिपक्याला सुमारे १५ नॅनोसेकंद मिळतात. तेव्हा प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे, दोन ठिपक्यांवर, त्याची फिकट सावली उमटते. स्वस्त पेटी बसवल्यावर डोळे दुखू लागल्याची तक्रार लोक करत, ती या सावलीमुळे.

पडदाही बोलतो, पण थोडेसे. १९९४ साली व्हेसा या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीनुसार पडद्याच्या आत १२८ बाइटांची एक ओळखचिठ्ठी साठवलेली असते. (एक बाइट म्हणजे आठ बिट.) बनवणारा कोण, आकार किती, किती ठिपक्यांचे चित्र झेपते, हे सारे तीत असते. शेवटचा बाइट असा निवडतात, की १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा. चिठ्ठी वाचताना चूक झाली तर ती या भागाकारात उघडी पडते. संगणक ही चिठ्ठी वाचून चित्र ठरवतो. स्विच दुसरीकडे असताना चिठ्ठी मिळाली नाही, तर 'पडदा फार साधा असावा' असे समजून तो कमी ठिपक्यांचे ओबडधोबड चित्र काढतो. म्हणून चांगला स्विच पडद्याच्या चिठ्ठीची नक्कल स्वतःजवळ ठेवतो आणि विचारील त्या संगणकाला दाखवतो. ही दुसरी खोटी हजेरी!

स्विचशिवायही काम भागू शकते. दोन्ही संगणक नेटवर्कने जोडलेले असतील, तर एकाचा पडदा दुसऱ्यावर पाहता येतो, किंवा माउसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर नेणारे प्रोग्राम वापरता येतात. पण ते चालायला दोन्ही संगणक आधी नीट सुरू झालेले हवेत. 'एफ-१ दाबा' म्हणून अडून बसलेल्या संगणकाला नेटवर्कवरून कोण समजावणार? तिथे तारच लागते.

गुपित फुटण्याची वाट

काही कार्यालयांत दोन संगणक जागेअभावी नव्हे, तर मुद्दामच वेगळे ठेवलेले असतात. एक इंटरनेटला जोडलेला आणि दुसरा गोपनीय माहितीचा, बाहेरच्या जगाशी काहीही संबंध नसलेला. संरक्षण खात्यांत असे असते. माणूस मात्र एक, टेबलही एक. तिथे केव्हीएम स्विच बसवला, की प्रश्न उभा राहतो: या पेटीतून एका संगणकाची माहिती दुसऱ्याकडे झिरपेल का?

आतापर्यंतचे वाचून तुम्हीच उत्तर देऊ शकाल. संगणक कळफलकाला दिव्यांचे हुकूम पाठवतो, म्हणजे माहिती उलट दिशेनेही जाते. स्विचच्या चिपला स्मृती असते, कळफलकालाही असते. काही पडद्यांच्या ओळखचिठ्ठीत संगणकाला लिहिताही येते. गोपनीय संगणकात शिरलेल्या एखाद्या लबाड प्रोग्रामने त्या चिठ्ठीत चार अक्षरे लिहिली आणि स्विच फिरल्यावर इंटरनेटच्या संगणकाने ती वाचली, तर ती बिनतिकिटाची टपालपेटीच झाली. आणि प्रत्येक कळ वाचणारी चिप जर कोणी फितवली, तर पासवर्डही तिच्या हाती. अमेरिकेतील नॅशनल इन्फर्मेशन अ‍ॅश्युरन्स पार्टनरशिप ही संस्था अशा सामाईक उपकरणांनी पाळायच्या सुरक्षेच्या अटीच प्रसिद्ध करते, त्या यासाठी.

उपाय एका वाक्यात सांगता येतो: माहिती कळफलकाकडून संगणकाकडे जावी, उलट कधीच येऊ नये. हे प्रकाशाने साधता येते. तारेच्या मध्ये एक छोटा प्रकाश-डायोड आणि त्याच्यासमोर एक प्रकाश ओळखणारा घटक बसवतात. डायोड लुकलुकतो, समोरचा घटक ते पाहतो. पाहणाऱ्याला स्वतः लुकलुकता येत नाही, म्हणून उलट निरोपाला वाटच नाही. ही अट प्रोग्रामने घातलेली नसते. ती निसर्गनियमानेच पाळली जाते, म्हणून कोणत्याही लबाड प्रोग्रामला मोडता येत नाही.

पण थांबा. कळफलक आणि संगणक यांचे बोलणे दुतर्फी असते, असे तर आपण सुरुवातीलाच म्हटले. एकतर्फी तारेवर ते चालणार कसे? इथे खोटी हजेरी उपयोगी पडते. पेटीच्या एका टोकाला एक चिप खोटा संगणक होऊन खऱ्या कळफलकाशी दुतर्फी बोलते. दुसऱ्या टोकाला दुसरी चिप खोटा कळफलक होऊन खऱ्या संगणकाशी दुतर्फी बोलते. दोन्ही संभाषणे आपापल्या जागी पूर्ण होतात. त्यांच्यामधल्या प्रकाशाच्या वाटेवरून फक्त 'अमुक कळ दाबली, अमुक सोडली' एवढीच बातमी पुढे सरकते. पडद्याची चिठ्ठी पेटी सुरू होताना एकदाच वाचून घेतात आणि मग पडद्याकडे काही लिहिण्याचा मार्ग बंद करतात. स्क्रोल लॉकने संगणक बदलण्याची सोयही अशा पेट्यांत ठेवत नाहीत. बटण बोटानेच दाबावे लागते, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामला माणसाच्या नकळत ते फिरवता येऊ नये.

अशा पेटीला जोडलेल्या कळफलकावर कॅप्स लॉक दाबले, तर पडद्यावर अक्षरे मोठी उमटतात, पण दिवा बहुधा लागत नाही. संगणकाचा हुकूम पलीकडच्या चिपपर्यंत येतो, त्याला '२५०, पोचला' अशी पोचही मिळते, आणि तो तिथेच संपतो. हे माहीत नसलेले लोक कळफलक बिघडला म्हणून दुकानदाराकडे परत घेऊन जातात.